धाकला की रेडा

ता. १२ जानेवारी १९४६, शहादे

मोऱ्याचा डावा डोळा गेला. मीच घालवला.

मोट चालू होती. बैल सकाळपासून धावेवर, विहिरीच्या उतारावर, मध्येच बसत होता. पाच-सहा वेळा उठवला. मग डोकं फिरलं. पराणी आधी उलटी धरून मारली, मग सुलटी. टोकाची लोखंडी आर कुठं लागली ते रक्त आलं तेव्हा कळलं. रेवा चुलीवरून धावत आली, "मरी जाई ना तो!" म्हणत मध्ये घुसली, आणि पुढचा तडाखा तिच्या मनगटावर बसला. बायकोवर हात उचलला नव्हता, बैलावरच उचलला होता. पण बसला तिला, आता काय सांगायचं?

रूपसिंग एक शब्द बोलला नाही. अठरा वर्षं आमच्याकडे सालदार आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, हवं तर बोलू शकतो. बैल सोडला, सावलीत नेला, डोळ्याला हळद भरली.

शाळेच्या मास्तरांनी मागं सांगितलं होतं, गोविंदा, हात उठायला लागला की आधी लेखणी उचलत जा. तेव्हा हसलो होतो. आज ही वही काढली. रोज खाली लिहायचं, हात किती वेळा उठला.

हात: मोजता येत नाही.

ता. १५ जाने.

रेवाचं मनगट सुजलंय. डाव्या हातानं भाकरी थापते. भाकरी वाकडी होते, मी गुमान खातो.

चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आखाजीले मी माहेरले जासू. परत येवानं का नही, ते तुम्हना हातवर शे."

म्हटलं, धमकी देतेस?

"नही. सांगस."

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, जातेच ती सारंगखेड्याला. सगळ्या लेकी जातात. झोके घेतात, गाणी म्हणतात, आठ दिवसांनी घसा बसवून परत येतात. यंदाचं बोलणं वेगळं होतं. माणूस असो का बैल, कुणावरही हात उठला की झालं, असं म्हणाली.

आणि रूपसिंगची सालही आखाजीलाच संपते. दोघं एकाच दिवशी गेले तर या वाडीत मी आणि माझा हात, एवढंच उरेल. साडेतीन महिने आहेत.

हात: ०. (मांजरावर चप्पल फेकली. लागली नाही.)

ता. २१ जाने.

सुचलं! ट्रॅक्टर घ्यायचा.

मोट हाकायची नाही, औत हाकायचं नाही, बैलच नको. यंत्र मध्येच बसत नाही, आणि बसलं तरी त्याला मारून आपलाच हात दुखेल. लढाई संपली, आता यंत्रं येऊ लागलीत असं धुळ्याहून आलेला माणूस सांगत होता.

दामू ब्राह्मणपुरीहून आला होता. धाकटा भाऊ, शेती सामाईक, अक्कल ज्याची त्याची. ट्रॅक्टर म्हणताच उडाला. "घे दादा, पण मोठा घे. माळ मोडायचाय ना."

माळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे चाळीस एकर. कुंद्याच्या तणानं गच्च भरलेला, मुळं कमरेइतकी खोल. कागद गेल्या साली आमच्या नावावर झाला. पेरत आलेत मात्र रूपसिंगचा भाऊ खात्र्या आणि त्याची माणसं. कागदावर आम्ही, जमिनीवर ते. दामूला तिथं ऊस दिसतो. खरं सांगायचं तर मलाही दिसतो.

पण मला आज पाहिजे ते या वाडीसाठी. अडीच एकर, घर, विहीर, केळी, लिंबं. उद्याच्या माळासाठी आज मोठं धूड आणायचं, का आजचं आज बघून उद्याचं उद्या बघायचं?

हात: ०.

ता. २ फेब्रु., धुळे

दोन्ही पाहिले. गोदामात शेजारी शेजारी उभे होते.

एक बारका. रबरी चाकं, मागं एकच फाळ, बसायला लोखंडी पाट्यासारखी बैठक. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की घासलेटवर चालतो. याचं नाव मी धाकला ठेवलं.

दुसरा निव्वळ रेडा. मागची चाकं लोखंडाची, त्यांना वीतभर दाते. तीन फाळ. एजंटनं सुरू केला तर वरची कबुतरं उडाली आणि माझ्या छातीत धडधडलं. दामूच्या तोंडाला पाणी सुटलं. चाकाच्या दात्यांवर हात फिरवत म्हणाला, "दादा, याच्यापुढं कुंदा काय अन् दगड काय!"

एजंट बोलका आहे. थांबवायचं कसं विचारलं तर डावा पाय दाखवला. "क्लच दाबायचा शेठ. हातानं काही ओढायचं नाही, तोंडानं काही बोलायचं नाही. पाय."

एवढं सोपं? म्हटलं, रेवाला सांगतो. हात नाही, तोंड नाही, नुसता पाय.

ता. ३ फेब्रु.

फाटक काठीनं मोजलं. धाकला आत येतो, दोन्हीकडे हातभर जागा ठेवून. केळीच्या दोन ओळींतूनही जातो, विहिरीपाशी वळतो. रेडा फाटकातच अडकतो.

दामू म्हणे, "फाटक पाडू."

"आणि आत आल्यावर?"

"लिंबं पाडू."

"मग घर पाड ना लेका, सरळ जाईल!"

तो म्हणाला, तू म्हातारा झालास, बायकोला भ्यायला लागलास. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या सदऱ्याला धरून लिंबाच्या बुंध्यावर आदळला. त्यानं माझ्या पोटात गुडघा घातला. दोघं बाप्ये चिखलात लोळलो, चाळिशी उलटली तरी. रूपसिंगनं दोघांना दोन हातांनी उचलून बाजूला केलं. रेवा ओसरीवरून बघत होती. आत गेली.

हात: १. दामूनं मला मारलं ते धरत नाही.

ता. ११ फेब्रु.

रूपसिंगला विचारलं, ट्रॅक्टर आला तर शिकशील का?

बराच वेळ चिलमीत तंबाखू दाबत बसला. मग: "तेले ऐकू येस का?"

म्हटलं, नाही, यंत्राला कुठलं ऐकू येतंय.

"मंग तू बोलशी कोनले?"

हसलो. तो हसला नाही. माळाबद्दल विचारलं नाही त्यानं, पण दामू काय काय बोलून गेला ते त्याच्या कानावर आहेच. माळावर त्यांच्या वाडवडलांचे दगड उभे आहेत, शेंदूर लावलेले. मी लहानपणी पाहिलेत. किती आहेत आठवत नाही.

हात: ०.

ता. २४ फेब्रु.

एजंट धाकला घेऊन वाडीत आला, नुसता दाखवायला. शहाद्याहून माणसं लोटली. पोरंटोरं भिंतीवर.

हँडल मारून सुरू करायचा असतो. एजंटनं दहादा बजावलं, अंगठा बाजूला ठेवा, मूठ वळू नका, कधी कधी उलटं फिरतं. दामू पुढं झाला. आयुष्यभर कासरा धरलेला हात. अंगठा वळवून घट्ट मूठ, जशी धरतो तशी. हँडल उलटं फिरलं. काटकी मोडावी तसा आवाज आला. मनगट.

दामू ओरडला नाही, पांढराफटक पडला. मग एकाएकी उठून डाव्या हातानं दगड उचलला आणि बॉनेटवर घातला. एजंट "अहो! अहो!" करत नाचायला लागला. मला हसू आवरेना. भावाचं हाड मोडलं आणि मी पोट धरून हसतोय! रेवा म्हणाली, "तुम्हीन भाऊ-भाऊ वाघरू शेतस." वाघ म्हणाली म्हणून बरं वाटलं, मग कळलं कौतुक नव्हतं.

बॉनेटला पोचा पडलाय. नंतर एजंटनं वाडीत फाळ टाकून चार सरळ तास काढले. माती कशी उलटली! विसाव्याला न थांबता, फेस न येता, शेपटी न पिरगाळता.

दामू हाड बसवून घेऊन गेला. जाताना: "रेडा असता तर हँडल मारायला दोन माणसं लागली असती. हे खेळणं आहे खेळणं."

हात: ०.

ता. १९ मार्च

रूपसिंग होळीला डोंगरात गेलाय, आठ दिवस. होळीला त्याला सूर्य आडवा आला तरी तो थांबत नाही. मोट मलाच हाकावी लागते.

मोऱ्या डाव्या बाजूला चाचपडतो. बाळ्या त्याला खांद्यानं ढकलत नेतो. मी नुसता खाकरलो तरी मोऱ्या अंग चोरतो. "होऽ" म्हटलं की जागच्या जागी खिळतो, पाय उचललेला असेल तर उचललेलाच. दुसऱ्या कुणाचं "होऽ" एवढं ऐकत नाही. रूपसिंगचं दोनदा म्हणावं लागतं. पूर्वी मी चारचौघांत याची फुशारकी मारायचो.

दुपारी तो बसलाच. पराणी वर गेली. हात असा शिवशिवत होता की दात खाल्ले. मग पराणी विहिरीत फेकली. गटांगळ्या खात तरंगत राहिली तिच्यायला. रेवानं पाहिलं असावं, रात्री ताटात तूप जास्त होतं.

हात: ०. उठला होता, पण पडला नाही.

ता. २७ मार्च

दामूनं परस्पर एजंटला गाठून रेडा माळावर आणला. मला निरोप आला तेव्हा सकाळचे नऊ. घोड्यावर पोचलो.

रेडा चालत होता. कुंद्याची मुळं टराटरा तुटत होती, असा आवाज मी कधी ऐकला नाही. काळी ढेकळं खाटेएवढी. खरं लिहायचं तर मला आनंद झाला. चाळीस एकर! बापजन्मात कुणी मोडला नाही असा माळ!

मग फाळ दगडाला लागला. शेंदराचा दगड आडवा झाला, दुसरा झाला. दामू मोडका हात गळ्यात बांधून पुढं पुढं चालत होता, ड्रायव्हरला डाव्या हातानं "चल, चल" करत. खात्र्याची माणसं पळसाखाली उभी होती, बायकासुद्धा. कुणी आरडाओरडा केला नाही. एक तीर आला आणि रेड्याच्या पत्र्यावर खण्णकन लागला. दुसरा दामूच्या दंडाला चाटून गेला. ड्रायव्हर उडी मारून पळाला. रेडा एकटाच पुढं चालत राहिला, कुणी बसलेलं नाही, दगडावर दगड पाडत, मग घळीत तोंड घालून विझला.

दामूचं रक्त पाहिलं आणि पुढचं नीट आठवत नाही. खात्र्या माझ्या हाताला लागला. घोड्याचा लगाम होता माझ्याकडे, दुहेरी केलेला. तो पडला तरी मारत होतो. त्यानं धनुष्य खाली ठेवलेलं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं.

निरोप ऐकून मागोमाग निघालेल्या रूपसिंगनं येऊन माझा दंड धरला. नुसता धरला. म्हणाला, "मन्हा भाऊ शे तो."

हात: लाज वाटते.

ता. २९ मार्च

रेवाला सांगितलं नाही. तीर लागला, दगडफेक झाली, एवढंच सांगितलं. वाट बघतोय की रूपसिंग सांगेल. दोन दिवस झाले, बैलांना पाणी दाखवतो, केळीला बांध घालतो, जेवतो, जातो. त्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आज त्यालाच विचारलं, का नाही सांगितलंस?

"मन्ही साल आखाजी लोंग शे. आखाजीले बोलसू."

दामूला कळवलं: धाकला घेणार. माळाला हात लावायचा नाही. त्यानं उलट निरोप धाडला, माळात माझा अर्धा वाटा आहे, माझ्या अर्ध्यात रेडा नाचवीन. नाचव म्हणावं, खात्र्याच्या तिरासमोर नाच.

हात: ०. पण आता या शून्याला काही अर्थ राहिला नाही.

ता. १४ एप्रिल

धाकला येऊन चार दिवस झाले. आखाजीपर्यंत वापरून बघायला दिलाय, मग हो की नाही सांगायचं. बॉनेटवर दामूचा पोचा तसाच आहे. हँडल मी उशाशी ठेवतो. त्याच्याशिवाय कुणी सुरू करू शकत नाही.

एजंटनं तीन दिवस शिकवलं. गिअर, क्लच, पेट्रोलवरून घासलेटवर कधी न्यायचा. पहिल्या दिवशी लिंबाची दोन झाडं गेली. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एकही नाही!

थांबवताना तोंडातून "होऽ" जातंच. एजंट हसतो. "शेठ, त्याला मराठी येत नाही." म्हटलं, अहिराणी येत असेल.

ता. २२ एप्रिल

केळीच्या ओळींतून नेला. दोन्हीकडची पानं खांद्याला घासत होती. रेवा बांधावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती, सूप मांडीवर, निवडणं सोडून बघत होती. विहिरीपाशी वळवला, तिच्यासमोर आणून थांबवला. पायानं. (होऽ म्हटलंच, पण हळू.)

हसली! जानेवारीनंतर पहिल्यांदा. "आते बैलले सुख," म्हणाली. मग: "अन् माले."

मनगट अजून पूर्ण वळत नाही तिचं. सूप डाव्या हातानं पाखडते. मला त्या घटकेला खात्र्याचं सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि घासलेट भरायचंय म्हणून उठलो. भेकड साला.

हात: ०. सव्वीस दिवस.

ता. ३ मे

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो. क्रमानं लिहितो.

उद्या आखाजी. रेवाची गाडी आज सकाळी निघायची होती. रूपसिंग सारंगखेड्यापर्यंत सोडायला जाणार होता, नेहमीसारखा. मोऱ्या-बाळ्या जुंपले. रेवा हिरव्या लुगड्यात, डोक्यात फूल, पेटी नेली नाही, नुसतं गाठोडं. पेटी ठेवलीय म्हणजे येणार, असं मी मनाशी धरलं.

मला वाटलं, तिला जाताना दाखवावं. धाकला सुरू केला. फाटकापर्यंत गाडीच्या मागंमागं न्यायचा, तिथं थांबवायचा, हात हलवायचा. बस, एवढंच मनात होतं.

गाडी फाटकाशी वळायला लागली. मी जरा जोरात होतो. मधे उतार आहे हे माझ्याच वाडीत मी विसरलो. गाडी आडवी आणि मी तिच्यावर चाललो. पाय क्लचवर जायला हवा होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी चाक दोन्ही हातांनी कासऱ्यासारखं छातीकडे ओढलं, मागं रेललो, आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "होऽऽ!"

धाकला थांबला नाही. बैल थांबले.

चार पावलं पुढं गेले असते तर गाडी फाटकाबाहेर होती. मोऱ्यानं माझा आवाज ऐकला आणि जागच्या जागी खिळला, पाय उचललेला तसाच. डावीकडून यंत्र येतंय हे त्याला दिसलंच नाही. दिसणार कुठून? बैलांशेजारी चालणारा रूपसिंग "हल, हल!" करत त्याला पुढं ओढत होता, पण मोऱ्या त्याचं कशाला ऐकतो. मी परत ओरडलो. परत होऽ.

धाकला मोऱ्याच्या बरगड्यांत घुसला. मग रूपसिंगच्या पायावर चढला. मग गाडीच्या चाकाला लागून गचके खात बंद पडला. रेवा गाडीतून बाहेर फेकली गेली, केळीच्या आळ्यात पडली, तिला काही झालं नाही. उठली. आधी रूपसिंगकडे गेली, मग मोऱ्याकडे. माझ्याकडे नाही.

रूपसिंगच्या पायाची नळी मोडलीय, हाड दिसतंय. मोऱ्या दुपारी गेला. बाळ्या अजून हंबरतोय.

हात: ०. हातच उठला नाही आज. खरंच उठला नाही!

ता. ४ मे. आखाजी

रेवाचा भाऊ टांगा घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. टांग्यात चढताना दुखऱ्या हातानं दांडी धरली, सुटली, डाव्यानं धरली. मी हात पुढं केला होता. तिनं पाहिला आणि भावाचा धरला.

मोऱ्याला लिंबांमागं पुरला. खड्डा एकट्यानं खणला. नदीकडून बायकांच्या गाण्यांचे आवाज येत होते, झोक्यांचे हुकारे, पारावर पत्ते. सगळ्या गावाची आखाजी.

दुपारी दामू आला. खड्ड्याकडे बघून म्हणाला, "रेडा असता तर फाटकातून आतच आला नसता. बैल वाचला असता." थट्टेनं म्हणाला का खरंच, कळलं नाही. धाकल्याचं हँडल माझ्या हातात होतं. डोक्यावर उचललं. त्यानं गळ्यातला मोडका हात वर केला, डोकं झाकायला. पोर मार चुकवतं तसं केलं त्यानं. लहानपणीही तो असाच करायचा, मी मारायचो तेव्हा.

हँडल खाली आणलं. मारलं नाही. पण उठलं होतं, तेव्हा शून्य लिहीत नाही.

हात: १.

ता. ८ मे

रूपसिंगला डोंगरातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या बांधल्यात. वाडीच्या कडेला त्याच्या झोपडीत पडून असतो. खात्र्या आलाय भावाची उस्तवार करायला. पाठीवर माझ्या लगामाचे वळ अजून आहेत, काळे पडलेत. मी गेलो तसा तो उठून बाहेर जाऊन बसला.

म्हटलं, रूपसिंग, चुकलं रे. बैल हालला असता तर...

तो आढ्याकडे बघत होता. "तू होऽ म्हनना, तो थांबना. तेन्ही काय चूक?"

मग: "तेन्हा डोया गया तैपासून तो तुन्हाच आवाज दखे."

तिथंच रडलो. मोठ्यानं. रेवाजवळ कधी रडलो नाही, बाप गेला तेव्हा नाही. रूपसिंगनं खात्र्याला हाक मारून पाणी मागितलं, मला दिलं.

आखाजीला बोलेन म्हणाला होता, ते अजून बोलला नाही. साल संपली.

ता. ११ मे

रेवाचा भाऊ निरोप घेऊन आला. ओसरीवर बसला नाही, उभ्यानं सांगितला, तिच्याच शब्दांत, पाठ केल्यासारखा:

"रूपसिंगले इचारा. तो ऱ्हायना ते मी येसू. तो गया ते मन्ही पेटी धाडी द्या."

आणि खात्र्याचं? म्हटलं, आणखी काही म्हणाली? तर म्हणे, ताईला माळावरचं सगळं माहीत आहे. मार्चातच कळलं होतं तिला, बाजारात. तरी आखाजीपर्यंत थांबली होती.

म्हणजे बावीस एप्रिलला बांधावर हसली, ते माहीत असताना हसली! आणि मी घासलेट भरायला उठलो.

ता. १३ मे

रोज सकाळी धाकला काढतो. दातांत निंबाची काडी घट्ट धरतो, म्हणजे ओरडता येत नाही. फाटकापर्यंत नेतो, पायानं थांबवतो. पुन्हा मागं. पंधरा वेळा, वीस वेळा. काडी चावून चावून तुटते. आज एकदाही तोंडात आवाज आला नाही. बघायला कुणी नव्हतं, बाळ्या सोडून.

एजंट उद्या येतोय, हो की नाही ऐकायला. दामूचं रेड्याचं टुमणं चालूच आहे. मी ठरवलंय. धाकला, आणि तो रूपसिंगनं हाकायचा. मी बसायचं नाही. माळाचा माझा वाटा खात्र्याच्या माणसांनी पेरायचा, दगड पुन्हा उभे करायचे, शेंदूर मी आणून देईन. दामूशी काय भांडायचं ते तोंडानं भांडेन.

हे सगळं दुपारी जाऊन रूपसिंगला सांगितलं. खात्र्यासमोरच सांगितलं, त्याचे पाय धरले. त्यानं पाय काढून घेतले नाहीत आणि उठ पण म्हणाला नाही. मग हँडल रूपसिंगच्या खाटेशी, उंबऱ्यावर ठेवलं. म्हटलं, हे तुझ्याकडे. तू दिल्याशिवाय तो सुरू होणार नाही.

रूपसिंगनं हँडलकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. "यान्हा अंगठा कोनी बाजू ठेवाना?" विचारलं. दाखवला. एजंटनं दाखवला होता तसा, मूठ न वळता. त्यानं पडल्या पडल्या हवेत हात तसा करून पाहिला.

विचारलं, मग राहशील?

"पाय खाले टेकू दे. मंग सांगसू."



हात: ०.

ता. १४ मे, सकाळ

उजाडताच गेलो होतो बघायला. हँडल उंबऱ्यावर ठेवलं तिथंच आहे. कुणी आत घेतलं नाही, कुणी बाहेर टाकलं नाही. खात्र्या ते ओलांडून पाणी आणायला गेला.

धाकला फाटकाशी उभा आहे, एजंटचा टांगा रस्त्याला लागलेला दिसतोय. रेवाची पेटी माजघरात आहे. काल तिच्यावरची धूळ पुसली, उचलून पाहिली आणि परत ठेवली.